तिसऱ्या घंटेनंतरचे पंखे

वर्ध्यातल्या आमच्या जुन्या नाट्यगृहाचे पंखे उंच छतापासून लांब दांड्यांवर लोंबकळतात आणि सुरू झाले की खडखडतात. म्हणून तिथे एक रीत होती. तिसरी घंटा झाली की पंखे बंद. मग लोक घरून आणलेले हातपंखे काढायचे, कुणी दुमडलेलं वर्तमानपत्र. नाटकात गंभीर प्रसंग आला की सभागृहभर ते हात आपोआप थांबायचे. ती थांबण्याची वेळ मला नाटकाइतकीच आवडायची.

मला तिथे नेलं आत्याने. ती बाबांची मोठी बहीण, अल्लीपूरला राहते, शेतात वांगी आणि मेथी लावते. रविवारी दुपारी नाटक असलं की सकाळच्या बसने नालवाडीला आमच्याकडे यायची. पिशवीत वांगी, वांग्यांवर ताडाच्या पानाचा पंखा. मी इंग्रजी शाळेत जायचे आणि पाहुण्यांसमोर मराठीत बोलायची वेळ आली की आतल्या खोलीत जायचे. नाट्यगृहात मात्र अंधार झाला की कुणी मला काही विचारत नसे. रंगमंचावरची मराठी ना माझी होती, ना आत्याची. आम्ही दोघी तिथे सारख्याच पाहुण्या होतो, आणि ते मला बरं वाटायचं.

काही वर्षांपूर्वी नाट्यगृहाला रंग दिला, रंगमंचावर माइक टांगले, भिंतींवर मोठे स्पीकर आले. आता पंखे बंद करायची गरज नाही असं ठरलं. लोक खूश झाले. मीही.

त्यानंतर आत्याचं हसू उशिरा यायला लागलं. सगळे हसून गप्प झाले की ती हसायची. एकदा मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ती रंगमंचाकडे बघतच नव्हती. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी हसले की ती हसत होती. आता मी मुळात हसते म्हणजे ओठ थोडे हलवते. त्यामुळे तिच्या वाट्याला फारच थोडं नाटक येत होतं. पुढच्या वेळी मी मोठ्याने हसून पाहिलं. शेजारच्या बाई दचकल्या.

कानाला लावायचं मशीन बाबांनी तिला आणून दिलं होतं. त्या दिवशी नाटक सुटल्यावर बसस्टँडवर चहा पिताना तिने ते काढून पदराच्या गाठीत बांधलं.

"याच्यात पंखेच जास्त ऐकू येते," ती म्हणाली. "आता तू एकटीच जात जा वं."

"मी एकटी नाही जाणार."

"काऊन? एवढी मोठी झाली न."

"पुढचं नाटक विनोदी आहे. तेवढं एक बघू."

"एकच हं. मंग मले नको म्हणजो."

बस आली आणि ती गेली. त्या रात्री मला झोप येईना. आत्याशिवाय दुसरं कुणीही मला नाटकाला सोबत नको होतं.

ते विनोदी नाटक मार्च संपताना लागलं. आत्याला खुर्चीवर बसवून, पाणी आणते असं सांगून मी दाराजवळ बटणांच्या फळीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे गेले आणि पंखे बंद करता का, असं विचारलं.

"ताई, बाहेर ऊन पाहा. पब्लिक मले मारन."

"सगळे नाही. आमच्या वरचे दोन."

"मंग तुमच्या आजूबाजूच्या लोकायले विचारा. ते हो म्हणतीन त करतो."

अनोळखी माणसांना काही विचारायचं असलं की वाक्य माझ्या डोक्यात आधी इंग्रजीत तयार होतं. मग मी ते मराठीत आणते आणि ते सरकारी पत्रासारखं होतं. पहिली घंटा झाली होती. आमच्या मागच्या रांगेसमोर उभी राहून मी म्हणाले, "आपली हरकत नसेल तर वरचे दोन पंखे बंद ठेवता येतील का?"

"कायले?" एका माणसाने विचारलं.

"नाटक ऐकू येत नाही."

"कोणाले?"

आत्या माझ्या मागेच पाठमोरी बसली होती. "मला," मी म्हणाले.

त्याच्या शेजारची बाई माझ्याकडे बघत राहिली. "एवढ्याशा वयात? डॉक्टरले दाखव वं माय."

"आधी बंदच राह्यत होते पंखे," कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले. "करू द्या न. घाम येऊन कोणी मरत नाई."

"तुम्ही बसा न मंग घामात," तो माणूस म्हणाला. पण हो म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या, काहींनी नाखुशीने. मी लांबूनच बटणांपाशीच्या माणसाला हात केला आणि येऊन बसले. पाणी आणायचं राहिलं होतं.

तिसऱ्या घंटेला आमच्या वरचे दोन पंखे हळू होत थांबले. आत्याने वर पाहिलं.

"बिघडले वाटते."

"असेल," मी म्हणाले.

तिने ताडाचा पंखा काढला, पदराची गाठ सोडून मशीन कानाला लावलं. पडदा वर गेला. मी रंगमंचाकडे बघत नव्हते. मी तिच्याकडे बघत होते. चार-पाच वाक्यं झाली, तिची मान थोडी पुढे झाली, आणि मग सभागृह हसलं तेव्हा तीही हसली. त्याच वेळी. दात दिसतील इतकी. मग माझ्याकडे वळली.

"हास न वं. ठोंब्यासारखी काऊन बसली?"

"काय म्हणाला तो?" मला खरंच कळलं नव्हतं.

आत्याने मला ते अख्खं वाक्य सांगितलं, नटाच्या आवाजात, चांगलं मोठ्याने. दोन-चार जणांनी शूः केलं. मागची ती बाई शेजाऱ्याला हळूच म्हणाली, "पोरीले खरंच ऐकू येत नाई वाटते. बिचारी."

आत्याच्या हातातला पंखा थांबला. तिने पुन्हा एकदा वर, त्या थांबलेल्या पंख्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझा चेहरा घामाने निथळत होता. पंखा तिने माझ्या बाजूला वळवला आणि वारा घालत पुढचं नाटक ऐकायला लागली.