बापाच्या रकान्यातली रेघ

माझ्या मुलीच्या जन्माच्या नोंदीत बापाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ आहे. ती मी ओढायला लावली. तेव्हा मी वीस वर्षांची होते, बाळंत होऊन तीन दिवस झाले होते, आणि माझ्याएवढी शहाणी बाई साऱ्या तुळजापूर तालुक्यात नाही असं माझं ठाम मत होतं.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी होते. माहेर नळदुर्गपासून आत, आणि सासर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, परंड्यात. मुलगी झाल्याचा निरोप गेला, पण तिकडून कुणी आलं नाही. मुलगी म्हणूनच आले नाहीत, हे मी बाजेवर पडल्या पडल्या ठरवून टाकलं. निरोप पोचायलाच पाच दिवस लागले होते, हे मला नंतर कळलं. राग मात्र मी त्याच्या आधीच उरकून घेतला.

तिसऱ्या दिवशी ग्रामसेवक वही घेऊन ओट्यावर बसला. वडील सांगत होते, तो लिहीत होता. मूल, मुलगी. तिचं नाव, अजून बारसं नाही म्हणून कोरं. आईचं नाव विचारल्यावर वडिलांनी माझं सासरचं नाव सांगितलं, लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं.

मी आतून आवाज दिला, "ते नको. तुमी ठिवलेलं लिवा."

"आन पोरीच्या बापाचं?" ग्रामसेवकानं विचारलं.

"बाप आला की लिवा. तवर रेघ वढा."

दारात माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, शेकायला निखारे घेऊन उभी होती. हसू दाबताना तिच्या हातातलं घमेलं हलत होतं. वडिलांनी कपाळाला हात लावला. ग्रामसेवकानं मात्र सांगितल्याप्रमाणं रेघ ओढली.

बाप बाराव्या दिवशी आला. पोरीला कुंची आणली होती, ती उलटीच बांधली. ते बघून माझा राग गेला आणि रेघ तशीच राहिली. पुढं शाळेत घालताना मुलीच्या नावापुढं बापाचं नाव लागलं, आईच्या जागी माझं सासरचं नाव लागलं, आणि त्या वहीकडं कुणी परत पाहिलं नाही. मी मात्र हा किस्सा हळदीकुंकवाला सांगत राहिले. दरवर्षी थोडा वाढवून. बायका पोट धरून हसायच्या आणि मला वाटायचं, काय ती माझी हिंमत.

मुलगी नोकरीनं जर्मनीला गेली, तिथंच राहिली. जावई इकडचेच, तेही तिथंच नोकरीला. बरीच वर्षं मूल नव्हतं. चाळिशीला टेकली तेव्हा मुलगा झाला. त्यानंतर पंधरा दिवसांनी तिचा फोन आला.

"आई, त्याच्या जन्माचा दाखला देत नाहीत."

"का गं? जन्मला न्हाय व्हय त्यो?"

ती हसली नाही. मग हळूहळू सांगत गेली. तिथं बाळाची नोंद करायची तर आईबापांचे जन्मदाखले लागतात. जावयांचा ठीक होता. हिनं आपला मागवला, तर त्यात हिचं नाव नाही, बापाच्या जागी रेघ, आणि आई म्हणून भलतीच कुणी बाई. पासपोर्टावर आईचं नाव निराळं. कचेरीतल्या बाईनं सभ्यपणानं विचारलं, हा दाखला तुमचाच कशावरून?

बाळाला दाखला नाही म्हणून पासपोर्ट नाही. पासपोर्ट नाही म्हणून तिथं राहायचा परवाना नाही. आणि या दोघांच्या परवान्याची मुदत पाच महिन्यांत संपत होती. कायमच्या रहिवासासाठी त्यांनी अर्ज केला होता, त्यात घरातल्या प्रत्येक माणसाचा कागद लागत होता.

"घरात तीन माणसं आहेत आई, आणि कागदावर दोनच."

माझ्या तोंडातून गेलं, "मग या की परत." खोटं कशाला सांगू, ते नुसतं तोंडातून गेलं नव्हतं. मालक वारल्यापासून मला तेच हवं होतं.

ती म्हणाली, "याला विमानात कसं बसवू? पासपोर्ट नाही. राहताही येत नाही आणि निघताही येत नाही." आणि मग, "तू आम्हाला ती गोष्ट सांगायचीस ना, रेघेची. मी शाळेत सगळ्यांना सांगितली होती."

त्या दिवसापासून मी तो किस्सा सांगितलेला नाही. आज लिहितेय तेवढाच.

परंडा, बार्शी, तुळजापूर, नळदुर्ग आणि तिथून वडापची जीप. असं मी तीन वेळा गेले. माहेरच्या ग्रामपंचायतीत आता ग्रामसेवक म्हणून एक तरुण मुलगी आहे. तिनं जुनी वही उघडली, रेघ बघितली, माझ्याकडं बघितलं.

"आजी, या रेघेवरनं आमी काय समजायचं?"

"समजलीस की. म्हणून तर हसायलीस."

पण ती चांगली होती. प्रतिज्ञापत्र करा म्हणाली, नाव बदलल्याचं राजपत्रात छापून आणा म्हणाली, लग्नाचा पुरावा आणा म्हणाली. आमच्या लग्नाची कुठं नोंद नाही. पत्रिका होती, तिच्यावर माहेरचं नाव. रेशनकार्डावर सासरचं. या दोन बायका एकच, हे सांगणारा एकही कागद माझ्याकडं नव्हता. मालकांचा फोटो पर्समध्ये घेऊन गेले होते, तो काढून दाखवला. ती ग्रामसेवक मुलगी म्हणाली, "आजोबा छान आहेत, पण फोटोवर शिक्का मारता येत न्हाय." मी फोटो परत ठेवला. बाहेर येऊन पंचायतीच्या पायरीवर बसले. बाजेवरून हुकूम सोडणारी ती बया आठवली. समोर आली असती तर दोन थोबाडीत दिल्या असत्या.

अडीच महिन्यांनी दुरुस्तीचा शेरा पडला आणि नवा दाखला मिळाला. सगळे रकाने भरलेले. मी तो छातीशी धरून बसमधून आणला.

पण तिकडच्या लोकांना आपला नुसता कागद पुरत नाही. ते इथं माणूस नेमतात. तो गावात जाऊन विचारतो, ही बाई इथलीच का, तिला ही मुलगी झाली का. मुलीनं हे सांगितलं तेव्हा मी निर्धास्त होते. ज्या गावात मी जन्मले तिथं मला कोण ओळखणार नाही?

महिन्याभरानं मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"आई, खात्री पटली नाही असं आलंय. त्या घरातले लोक म्हणाले, या नावाची बाई आमच्यात नाही."

त्या घरात म्हणजे माझ्या माहेरात. तिथं आता वहिनी आणि भाचा. भाऊ गेला त्यानंतर जमीन भाच्याच्या नावावर करायची होती, त्यासाठी माझी हक्कसोडीची सही हवी होती. सही मी करणारच होते. पण पहिल्यांदा बोलावलं तेव्हा वहिनींनी शिरा केला होता, तो खाऊन मी म्हणाले, "सही केली तर तुमी शिरा करायचं बंद करताल. ऱ्हाऊ द्या पुढल्या खेपंला." सगळे हसले. दुसऱ्या खेपेलाही मी तेच म्हणाले, तेव्हा भाचा हसला नाही. तिसऱ्या खेपेला वहिनीही हसल्या नाहीत. मग बोलावणंच आलं नाही, आणि बोलावल्याशिवाय मी कशाला जाऊ म्हणून मी परंड्यात ऐटीत बसले. दाखल्यासाठी तीनदा गावात गेले, तरी घराकडं वळले नाही. बघा, विशीतली बया साठीत सुद्धा गेलेली नव्हती.

मुदतीला पाच आठवडे उरले होते. मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

वहिनी ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं नाही.

"या वन्सं. सरलं का पंचायतीतलं काम?"

"वहिनी, इथं कुणी माणूस आला व्हता का?"

"आला व्हता. फाईल घिऊन. तुमचं माहेरचं नाव घेतलं, म्हणला ही या घरची लेक का, हिला लेकरं किती. म्या मनात म्हणलं, आली जमिनीची वाटणी."

"मग काय सांगितलंत?"

"या नावाची कुणी न्हाय आमच्यात म्हणलं. व्हती, ती लगीन होऊन गेली. तिचं नाव बी गेलं." सुपातला एक खडा काढून त्यांनी अंगणात टाकला. "तीनदा गावात येऊन गेलाव. कागदं घिऊन. घरला न्हाय आलाव. म्या काय समजावं?"

मी खाली बसले, फोन काढला आणि बाळाचा फोटो दाखवला. मग सगळं सांगितलं. रेघेपासून. त्या ऐकत होत्या, सुपातला हात थांबला होता. फोन त्यांनी लांब धरून बघितला.

"नाक तुमच्या भावाचं हाय," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मी सही करते. आत्ताच. कागद आणायला सांगा."

"आता करताव व्हय? लेकराच्या बदल्यात?" त्यांचा आवाज चढला नाही. "म्या काय बाजार मांडलाय? इचारलं तर खरं सांगीन, त्यात काय. सहीचं तुमचं तुमी बघा."

त्या दिवशी शिरा केला नाही. चहा दिला, तो मी गार करून प्याले.

मुलीनं पुन्हा चौकशीसाठी अर्ज घातला. माणूस कधी येईल हे कुणी सांगत नव्हतं, येईल का हेही नाही. भाच्याचा फोन आला, "आत्या, आई वट्ट्यावरनं हालंना. रानात येईना, मंगळवारी तुळजापूरला बी गेली न्हाय. म्हणती, म्या गेले आन त्यो आला तर?" मी परंड्यात तशीच फोनजवळ बसलेली. तिकडून मुलगी सांगायची, बाळ आता कुशीवर वळतं. कधी सांगायची, सामान कुणाकुणाला द्यायचं त्याची यादी केली. जायचं कुठं, कसं, हे दोघींपैकी कुणी बोलत नव्हतं. मी विचारायचे, जेवलीस का. ती म्हणायची, हो. मला कळायचं, नाही.

मुदतीला अकरा दिवस असताना वहिनींचा फोन आला. त्या आपण होऊन फोन करत नाहीत.

"आला व्हता. सगळं सांगितलं."

"सगळं म्हंजे?"

"बाजंवरनं वराडलाव ते. रेघ वढा म्हणलाव ते."

"अवं, तेवढं कशाला सांगितलं?"

"रेघ कशी आली म्हणून त्येनंच इचारलं. म्या काय, उंदरानं वढली म्हणू? दारात उभी व्हते म्हणलं, निखारे घिऊन, माझ्यासमूर वढली. मग इचारलं, बाप आला का नंतर. म्हणलं, आला की, बाराव्या दिशी. कुंची उलटी बांधली. आन ही बया रेघ इसरून गेली." मग म्हणाल्या, "हसला त्यो. पर सगळं लिवून घेतलं."

ते ऐकून मला बरं वाटलं नाही. हसलेला माणूस काय लिहील, याचाच घोर लागला. दोन दिवसांनी मी तुळजापूरला गेले आणि भाच्याला बोलावून हक्कसोडीची सही केली. कुणी मागितली नव्हती. निकाल यायच्या आत ती करायची होती, एवढंच मला कळत होतं. सही दोन्ही नावांनी घेतली. माहेरचं नाव लिहायला एवढा वेळ लागला की नोंदणी कचेरीतला बाबू म्हणाला, "आजी, येतं का लिहायला?"

निकाल मुदतीच्या तीन दिवस आधी आला. खात्री पटली. बाळाचा दाखला निघाला आणि अर्जात तिसरं माणूस लागलं. ती आता तिथंच राहणार, कायमची. माझी चोरटी आशा तिथं संपली. व्हिसा काढून मीच जाईन म्हणते, बघू.

दाखल्याचा फोटो मुलीनं फोनवर पाठवला. मी चष्मा लावून एकेक रकाना बघितला. बाळाचं नाव, आईचं, बापाचं, कुठं मोकळं नाही, कुठं रेघ नाही. आजीचा रकाना त्यात नाहीच. बरं आहे. असता तर मी काय लिहायला लावलं असतं, कुणी सांगावं.