कॉपर लँटर्न ऊर्फ आप्पा

गवताच्या धंद्यात एक गंमत आहे. दिवसभर वखारीत बसून माणूस घरी गेला की बनियनमधून काड्या निघतात. कितीही झटका, जेवताना एखादी ताटात पडतेच. माझ्याकडून काड्यांबरोबर किस्सेही पडायचे. बायको म्हणायची, "काड्या बाहेर झटकून या, आणि किस्सेही!" पण किस्से कुठे झटकता येतात? ते आतल्या खिशात बसतात. त्यातले बरेचसे एका घोड्याचे आणि त्याच्या सईसाचे. आज तेच सांगतो.

काळ नव्वदीच्या सुरुवातीचा. मीरा रोडला शांती नगरचे सेक्टर उभे राहत होते, जिकडे तिकडे खडी आणि सिमेंटचे ट्रक. मी भाईंदरला गवत, कोंडा, हरभरा विकायचो. गिऱ्हाईक म्हणजे म्हशीवाले आणि टांगेवाले. रेसचा घोडा मी फक्त पेपरात पाहिला होता, तोही वडे बांधून आलेल्या पेपरात!

*

एक दिवस वखारीत एक माणूस आला. काळासावळा, काटक, डोक्याला मफलर. आला तो सरळ गंजीपाशी गेला. गवताची मूठ उपसली, हुंगली, एक काडी दाताखाली धरली आणि थुंकला.

"आप्पांना हे चालायचं नाही."

मी दुसरी गंजी दाखवली. तीही चावून बघितली. "हे खातील. पण धूळ झाडून द्या. आप्पांना खोकला होतो."

मला वाटलं, वैदूचं काही औषध असेल. आपुलकीने विचारलं, "वडिलांचं वय काय हो?"

"पाच."

मग तो छाती काढून म्हणाला, "कॉपर लँटर्न! नाव ऐकलं नाही? सगळ्या मोठ्या रेसा मारल्यात. मी त्यांचा सईस, किसन."

"मग घोड्याला आप्पा? आणि वर अहो-जाहो?"

"दादा, त्यांच्या पळण्यावर माझी चूल पेटते. तुम्ही तुमच्या शेठला अरे-तुरे करता का?"

मीच माझा शेठ होतो, आणि स्वतःला मी अरे-तुरेच करायचो. पण त्या दिवसापासून मीही घोड्याला आप्पाच म्हणायला लागलो.

*

आता हा चॅम्पियन घोडा रेसकोर्स सोडून आमच्याकडे कसा आला? त्याच्या पुढच्या उजव्या पायाची शीर सुजली होती. घोड्याचे डॉक्टर म्हणाले, खाऱ्या पाण्यात रोज उभा करा, सूज उतरेल. मालक किकूभाई शेठ यांची आमच्या भाईंदरजवळच्या चौक गावात समुद्राला लागून वाडी होती. तिथे एक पत्र्याचा तबेला उभा राहिला, आणि आप्पा हवापालटाला आले. बरोबर किसन.

पहिल्याच आठवड्यात शेठ आले तेव्हा मी कोंड्याची पोती उतरवत होतो. शेठ स्वभावाने गोड गुजराती माणूस, पण बोलणं सरळ. म्हणाले, "जो किसन, नीट बघ, रेसच्या सीझनच्या आधी डॉक्टर येणार. घोडा पळवून बघणार. पाय बरा असेल तर रेसकोर्सला परत. नसेल तर पुण्याकडे स्टड फार्मला पाठवणार."

"तिकडं जाऊन आप्पा काय करतील?"

"काय करणार? मजा करणार! घोड्या, बच्चे!"

"आणि मी?"

"स्टड फार्मचे आपले माणसं असतात. तुला रेसकोर्सला दुसरा घोडा देऊ ने! सरस घोडा!"

किसनने आप्पांच्या मानेवरून हात फिरवला. म्हणाला, "शेठ, तुमचा मुलगा अमेरिकेला गेला तेव्हा शेजाऱ्याने तुम्हाला दुसरा दिला का?"

शेठ गाडीकडे वळले. गाडीत बसताना मला हळूच म्हणाले, "आ माणस बहु बोलतो. पण घोडा त्याचाच ऐकतो, शू करू?"

*

किसन मूळचा परभणीकडचा. पाणी त्याने विहिरीत आणि धरणात पाहिलेलं. समुद्र हेही एक मोठं तळंच, असा त्याचा हिशेब. कोळ्यांनी सांगितलं, "भरती बघून उतर." हा म्हणाला, "मी घोड्यांचा माणूस आहे, मला शिकवू नका!"

रोज सकाळी गुडघाभर पाण्यात आप्पांना उभं करायचा, "आप्पा, थांबा" म्हणायचा, आणि स्वतः पुढच्या खडकावर बसून बिडी ओढायचा. आप्पाही असे की थांबा म्हटलं की थांबायचे. दोरी नाही, खुंटी नाही.

एका सकाळी मी गाजरं पोचवायला गेलो, तर किनाऱ्यावर ही गर्दी! भरती चढली होती. खडकाभोवती सगळीकडे पाणी, वर किसन उकिडवा बसलेला, बिडी विझलेली. पोहता येत नाही. आणि आप्पा? पाणी पोटाला लागलं तरी तिथेच उभे! "थांबा" म्हटलं होतं ना!

वाडीशेजारी जनाबाई कोळीण बोंबील वाळत घालायची. तिचा आवाज म्हणजे बोटीचा भोंगा. ती ओरडली, "अरं मेल्या, घोऱ्याला बोलव ना!"

किसन खडकाला घट्ट धरून म्हणाला, "आप्पा... या!"

आप्पा आले. अगदी सावकाश, खडकाला लागून उभे राहिले. आम्ही सगळे ओरडलो, "बस पाठीवर!"

"पाठीवर? आप्पांच्या? तिथं फक्त जॉकी बसतो!"

जीव जायची वेळ आली तरी हा गडी बसला नाही! आयाळ धरली आणि पाण्यातून फरफटत, गटांगळ्या खात बाहेर आला. वाळूवर पालथा पडून खोकायला लागला. जनाबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"खारं पानी घोऱ्याच्या पायाला सांगितलंय, तुज्या पोटाला न्हाय!"

तेव्हापासून भरतीची वेळ जनाबाई सांगणार आणि किसन मुकाट्याने ऐकणार, असं ठरून गेलं.

*

चॅम्पियन घोडा आलाय ही बातमी मीरा रोडपर्यंत पोचली. एका बिल्डरचा माणूस जीप घेऊन हजर. बिल्डरच्या मुलाचं लग्न होतं, वरातीला "वो रेसवाला घोडा" पाहिजे होता.

किसन म्हणाला, "आमचे आप्पा सुट्टीवर हायेत."

"अरे भाई, दौडना थोडी है! बँड के पीछे धीरे धीरे चलना है."

"धीरे? उनको धीरे का ठाऊकच नहीं! गेट उघडलं की सुटायचं, एवढंच त्यांना येतं."

"तो क्या हुआ? दूल्हा जल्दी पहुँचेगा."

"पहुँचेगा ना! तुमचे वऱ्हाडी नाचत नाचत येईपर्यंत इसका शादी होके बारसा भी हो जाएगा!"

जीपवाला हसत हसत गेला. पण किसनचा राग दिवसभर उतरला नाही. मला पुन्हा पुन्हा म्हणत होता, "वरातीला! आप्पांना! आणि वर झुलीला आरसे लावणार म्हणे!"

*

लग्नावरून आठवलं. किसनच्या भाचीचं लग्न निघालं, परभणीला जाणं भाग होतं. त्याने रेसकोर्सवरून बदली सईस मागवला. आप्पांच्या सवयी त्याला सांगता सांगता किसनची गाडी चुकायची वेळ आली. "उजव्या कानामागं खाजवा, डाव्या नको... गाजर उभं चिरा, आडवं नको... आणि रागावू नका, मनाला लावून घेतात."

किसन गेला आणि आप्पांनी तोंड फिरवलं. गवत नाही, हरभरा नाही, गूळ नाही. बदली सईस रडकुंडीला येऊन माझ्या वखारीत धावत आला. मी म्हटलं, डोकं चालवू या. किसनचा एक सदरा दोरीवर वाळत होता. तो गवतावर पसरला. वास येईल, किसन इथेच आहे असं वाटेल, खातील. आमची अक्कल आम्हालाच इतकी आवडली की आम्ही चहा प्यायला गेलो.

परत येऊन बघतो तर सदऱ्याची फक्त कॉलर उरलेली. गवत जसंच्या तसं!

किसन ठरल्यापेक्षा लवकर परतला. बहीण रुसली म्हणे. भाची म्हणाली होती, "मामा, सासरी मी चाललेय आणि तोंड तुमचं उतरलंय, जा तुम्ही!" त्याने तबेल्यात पाऊल टाकताच आम्ही त्याच्या हातात कॉलर दिली. आम्हाला वाटलं, आता शिव्या खायच्या. नवा सदरा होता, सणाला शिवलेला.

किसनने कॉलर उलटसुलट पाहिली, आप्पांकडे पाहिलं. मग आमच्याकडे वळून ऐटीत म्हणाला, "बघा, तुमचं गवत कसलं आहे ते! त्यापेक्षा माझा सदरा बरा लागला!"

म्हणजे शेवटी दोष कुणाचा? माझ्या गवताचा! आणि आप्पा तेच गवत त्याच्या हातून कराकरा खात होते.

*

आता डॉक्टर यायच्या दिवसाचं सांगतो.

सीझन तोंडावर आला. आप्पांच्या उजव्या पायाची सूज उतरली होती, वाळूवर किसनबरोबर पळायचेही छान. किसन छाती काढून फिरत होता, पण आतून घाबरलेला. मला विचारायचा, "दादा, स्टड फार्मला पाहुण्यांना भेटू देतात का हो?" मी म्हणायचो, "वेळ येणार नाही." म्हणायला माझं काय जातं!

आणि नेमकं आदल्या दिवशी अनवाणी वाळूवरून जाताना या गड्याचा पाय शिंगाळ्याच्या काट्यावर पडला. या माशाचा काटा म्हणजे भयंकर प्रकरण. डावा तळपाय टम्म फुगला. जनाबाईने हळद लावून फडकं बांधलं. म्हणाली, "पाय टेकू नको."

"उद्या आप्पांना पळवायचंय."

"दुसरा कोन पलवंल."

"दुसऱ्याबरोबर ते पळत नाहीत."

सकाळी गाडी आली. शेठ, डॉक्टर आणि ड्रायव्हर. डॉक्टर मोठा सज्जन माणूस, खाऱ्या पाण्याचा सल्ला त्यांचाच. त्यांनी उजवा पाय दाबून पाहिला, मान हलवली. "शीर छान आहे. चल, पळवून दाखव."

किसनने लगाम धरला आणि वाळूवरून निघाला. दात आवळून, लंगडत लंगडत. शेजारी आप्पा. अर्ध्या वाटेवर डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

"थांब! घोडा लंगडतोय."

शेठचा चेहरा पडला. "उजवा पाय?"

"नाही, गंमत तीच आहे. उजवा ठीक आहे. हा डाव्याने लंगडतोय! म्हणजे आता दुसराही गेला."

शेठ तिथल्याच उलट्या होडीवर बसले. "बस, खलास. मोकलो स्टड फार्म, पाठवून द्या."

किसन तिथूनच ओरडला, "साहेब, डावा पाय त्यांचा नाही, माझा गेलाय! ते माझ्या पावलानं चालतात!"

डॉक्टर हसले. "अरे बाबा, घोडा कुणासाठी लंगडत नाही."

"मग दुसऱ्याला धरायला सांगा!"

ड्रायव्हरने लगाम धरला. आप्पा हलेनात. मग मी पुढे झालो. इतके महिने चारा घातलेला माणूस! ओढलं, चुचकारलं, गूळ दाखवला. वखारीसमोरून ओळख न दाखवता जाणारं जुनं गिऱ्हाईक असतं ना, तसं आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पाऊल नाही उचललं.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. शेठ उठून कपडे झटकायला लागले. आता गाडी जाणार आणि मागून घोडे न्यायचा ट्रक येणार, हे सगळ्यांना कळलं.

किसन खाली बसला. पायाचं फडकं सोडलं, बाजूला ठेवलं. उठला, आप्पांच्या कानाशी काहीतरी बोलला. जनाबाई बोंबील टाकून पुढे आली. "अरं, नको रं..."

आणि किसन पळाला. सरळ! दोन्ही पाय सारखे टाकत, मान ताठ, जणू पायाला काही झालंच नाही. शेजारी आप्पा, तांबूस अंग उन्हात चकाकत, पाऊल एकसारखं, टप टप टप टप. वाडीच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. किसनच्या तोंडावर घाम होता, आणि तो हसत होता. तसलं हसू मी दाताच्या डॉक्टरकडे पाहिलंय.

डॉक्टरांनी वाकून आप्पांचे चारही पाय पुन्हा तपासले. मग म्हणाले, "शेठ, पास. घेऊन चला रेसकोर्सला."

शेठने किसनच्या पाठीवर थाप मारली. किसनने लगाम घट्ट धरला म्हणून उभा राहिला, नाहीतर तिथेच बसला असता.

डॉक्टर म्हणाले, "तुझा पाय दाखव बघू."

"राहू द्या साहेब. माझ्या पायावर कोण पैसे लावतंय?"

शेठ खूश, डॉक्टर खूश. गाडीत बसले, गाडी वळली. किसन हात जोडून ताठ उभा, आप्पाही ताठ उभे. गाडी नारळांच्या पलीकडे सरकली तसा किसनने मोठा श्वास सोडला, डावा पाय उचलला आणि लंगडत तबेल्याकडे निघाला. त्याच्या शेजारून, मान खाली घालून, आप्पाही निघाले. डाव्या पायाने लंगडत.

मागून जनाबाईचा भोंगा वाजला.

"अरं, दोगंबी सरल चाला रं! गारी अजून दिसतंय!"