पुसलेली रेघ

आमच्या काकांच्या स्टुडिओत फोटो काढला की तो मुरुमांसकट मिळतो. लग्नाळू मुली नाक मुरडतात, पण काका ढिम्म हलत नाहीत.

एके काळी याच काकांच्या हातातला ब्रश शहरभर गाजला होता. निगेटिव्हवर ब्रश फिरवून ते चेहऱ्यावरचे डाग, व्रण नाहीसे करायचे. म्हणूनच पूलखात्याने जुन्या पुलाच्या खांबांचे फोटो काढायचं काम त्यांना दिलं. तिसऱ्या खांबाच्या फोटोत एक बारीक रेघ दिसत होती. निगेटिव्हला ओरखडा पडला असेल असं समजून काकांनी ती सफाईने पुसली. साहेबांनी कचेरीत बसूनच फोटो पाहिला आणि खांब ठणठणीत असल्याचा शेरा मारला. पाच महिन्यांनी तोच खांब खचला आणि अकरा माणसं नदीत गेली.

चौकशीत काकांचं नाव कुणी घेतलं नाही. ते स्वतःच साहेबांकडे जाऊन सगळं सांगून आले. साहेब म्हणाले, "झालं गेलं विसरा." त्या साहेबाची मला अजून चीड येते. काकांनी मात्र घरी येऊन सगळे ब्रश मोडून टाकले.

आता तिथे नवा पूल आहे. दर महिन्याला काका त्याच्या प्रत्येक खांबाचा फोटो काढून खात्यात नेऊन देतात. त्यांना हे कुणीही सांगितलेलं नाही. परवा मीही सोबत गेले होते. तिथल्या तरुण इंजिनिअर बाई एक फोटो बघून हसल्या.

"काका, हा नुसता पाण्याचा ओघळ आहे हो."

"असेलही," काका शांतपणे म्हणाले. "मलाही तेव्हा नुसता ओरखडाच वाटला होता."