न भांडता अडवायचं

हे मी पोटच्या लेकालाबी सांगितलेलं नाय. आज तुला सांगते — का, ते विचारू नको. मलाच ठावं नाय.

गंगापूर रोडला एका सरांकडं मी स्वयंपाक करायची. सर रिटायर, एकटे. अमेरिकेच्या कुण्या राजदूतावर पुस्तक लिहीत होते. ऐकायला दुसरं कोण होतं? मी कणीक मळायची, ते सांगत बसायचे. जगाची मोठी लढाई संपली, अन् अमेरिका-रशियाचं बिनसलं. तवा ह्या माणसानं सांगितलं — "लढायचं नाही. चहूबाजूंनी अडवून धरायचं आणि धीर धरायचा. समोरचा आतून आपोआप खचतो." निम्मं जग म्हणे पुढं कितीतरी वर्षं त्याच बोलण्यावर चाललं.

"मावशी, अमेरिका ऐकता ऐकता मीठ विसरलात," सर हसायचे. मीठ विसरले. ते बोलणं नाय विसरले.

तवाच घरात सून आली. रंजना, कळवणची. तोंडानं फटकळ, मनानं मोकळी. लेक सारखा तिच्या मागं-मागं. मी भांडले का? कधीच नाय. नळावरच्या बायांच्या कानात हळूच काय-काय घातलं — त्या तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. लेकाला कंपनीत रातपाळी घ्यायला लावली. राहिलं माहेर. तवा मोबाईल कुठं होते? फोन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात यायचा. हाक आली की मीच जायची.

एकदा तिचा भाऊ बोलला, "आईला बरं नाय. ताईची लय आठवण काढती. तिला माहेरी लावून द्या."

म्हणलं, सांगते.

घरी आले तर ती तांदूळ निवडत होती. "कुणाचा होता, आत्याबाई?"

"कट झाला," म्हणलं.

आई गेली, तवाच ती माहेरी गेली. भावानं तिला निरोपाचं सांगितलंच असंल — नाय का? पण परत आली ती एक शब्द बोलली नाय. नंतरबी नाय. खचली. सर म्हणले होते तसंच.

पुढं सरांनीच सांगितलं, तो अमेरिकन म्हातारा होईस्तोवर म्हणत राहिला — मला तसं म्हणायचं नव्हतं, लोकांनी बंदुका-बॉम्ब मांडून ठेवले. त्याला तसं म्हणता तरी आलं. मला काय म्हणता येतंय? मला तसंच करायचं होतं.

गल्लीत म्हणतात, ह्यांच्यात सासू-सुनेचं कधी वाजत नाय. आता माझे हात चालत नाय. रंजना दुधात भाकर कुस्करून ताट पुढं ठेवते. बोलत नाय.

मी जेवते.