चाकापुढचा दगड

"गाडीला आधी थांबायला शिकवावं, मग पळायला," असं मिस्त्री आल्यागेल्याला ऐकवायचे. जन्मभर लोकांचे ट्रक दुरुस्त केल्यावर त्यांनी भंगारातून एक जुना अवजड ट्रक स्वतःसाठी आणला. भाड्यानं फिरवायला नाही, हौसेनं मिरवायला. इंजिन बोलतं केलं, दारांना रंग चढवला. ब्रेकचे मूळ भाग मात्र कुठेच मिळेनात, आणि दुसऱ्या गाडीचे बसवले तर अस्सलपणाला बट्टा लागणार. त्यांनी झिजलेलेच घासूनपुसून बसवले.

आज नोंदणीसाठी ट्रक लांबलचक उतार उतरून कचेरीत न्यायचा होता. अंगण झाडताना बायकोला दिसलं, चाकापुढे लावलेला दगड रात्रीतून मातीत रुतला होता.

"अहो, हा ट्रक उभ्याउभ्या पुढे सरकतोय."

"घाई झालीय त्याला. इतकी वर्षं बसून होता."

"दुसरे ब्रेक लावा की. आत कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

ती हसली नाही. मिस्त्रींनी कागद खिशात घातले, कुंपणाजवळचा आणखी एक मोठा दगड उचलून काखेत धरला आणि ट्रककडे चालू लागले. तो त्यांनी आत सीटशेजारी, उतारावर पटकन हाताशी येईल असा ठेवला. झाडू हातात तसाच धरून ती बघत राहिली.