मंगळवारचा जोडीदार

या जगात मला सर्वांत जास्त वेळा जमिनीवर आपटणारा माणूस हाच माझा सर्वांत मोठा हितचिंतक आहे, असं मी म्हटलं की बायको माझं डोकं चाचपून पाहते. तिचं चुकत नाही. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, कॉलेजातली ग्रंथपालाची नोकरी आणि त्या नोकरीने दिलेलं पोट सांभाळून मी चंद्रपुरात ज्युडोच्या क्लासला जायला लागलो. खरं तर मुलीला घेऊन गेलो होतो. ती महिन्यात सुटली, मी अडकलो.

माझा जोडीदार मोहर्लीचा, सफारीतला गाईड. मंगळवारी जंगल बंद, म्हणून मंगळवारी तो बस धरून यायचा आणि मला पाडायचा. वाघाच्या आसपास बोलून बोलून त्याचा आवाज कायमचा कुजबुजता झालेला. बाकीचे ओरडून आपटायचे. हा कानाशी येऊन हळूच म्हणायचा, "भाऊ, मान आत घ्या," आणि मी मान आत घेईपर्यंत छताचे पंखे दिसायला लागलेले असायचे. मग हात धरून उठवणार, पाठ झटकणार, कॉलर नीट करणार, जणू मला बोहल्यावर उभं करायचंय, आणि पुन्हा पाडणार. पण पाडताना माझी बाही त्याने कधी म्हणून सोडली नाही. त्या बाहीमुळेच माझं डोकं शाबूत आहे. आत काय आहे हा प्रश्न वेगळा. मला मात्र त्याला एकदाही चकवता येईना. "तुमी पाय उचलाच्या आधी तुमची भुवई हालते, भाऊ," त्याने एकदा सांगितलं. "सांबर शेपूट वर करते ना, तसं." झालं! तेव्हापासून मी भुवई सांभाळायला लागलो आणि पाय विसरलो.

पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेत जोडीदाराला स्वच्छ पाडून दाखवायचं होतं. पट्ट्याची दवंडी मी कॉलेजभर आधीच पिटलेली. नापास झालो असतो तर तोंड लपवायला लायब्ररीची कपाटं पुरली नसती. त्या दिवशी मी डोळे मिटून कंबर वळवली आणि अहो, तो पडला! हॉल दणाणला. सर म्हणाले, "वा!" पुढचे आठ दिवस मी पुस्तकं देतानासुद्धा छाती काढून देत होतो.

पुढच्या मंगळवारी त्याला उशीर झाला, म्हणून क्लासला येणाऱ्या, बँकेतल्या एका बाईंवर मी तोच डाव टाकला. बाई जागच्या हलल्या नाहीत. "सुरू केलं का तुम्ही?" त्यांनी विचारलं. तो दारात उभा राहून पाहत होता.

तो निरोप घ्यायला आला होता. गडचिरोलीकडे एका शाळेत त्याला ज्युडो शिकवायचं काम मिळालं होतं. बसस्टँडवर पोचवायला गेलो तेव्हा मला फार वाईट वाटत होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. "खरं सांग, परीक्षेत तू मुद्दाम पडलास ना?"

तो नेहमीसारखा कुजबुजला, "भाऊ, नवीन आलो तवा मी लय जोरात पाडत होतो. माह्यासंगं कोनी जोडी घेत नव्हतं. तुमी घेतली. तुमी दोन वर्सं पडले म्हून मी शिकलो. मी एक बार पडलो, त्यात काय?"

बस सुटली. त्या सुरुवातीच्या दिवसांत माझ्याबरोबरही कुणी जोडी घेत नव्हतं, म्हणून मी त्याच्याकडे गेलो होतो, हे सांगायचं राहूनच गेलं. आता दर मंगळवारी मी बाईंसमोर उभा राहतो, त्यांची बाही घट्ट धरतो आणि हळूच म्हणतो, "मान आत घ्या." त्या काही पडत नाहीत.