साडेतीन ड्रायव्हर

तक्तेताई बावीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. "पुढे सरका, पुढे सरका" म्हणताना आवाज शाबूत राहिला, गुडघे मात्र गेले. मग डेपोने त्यांना खुर्ची दिली आणि खुर्चीसमोर कॉम्प्युटर. शेजारी निवृत्तीला टेकलेले हेडक्लार्क बसत, सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते म्हणाले, "चालत्या गाडीत मोड देणाऱ्या बाईला पायथन काय जड आहे?"

पायथन म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम सोडायची भाषा. मास्तरांनी तिच्यात ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावणारी हुकमांची यादी, म्हणजे स्क्रिप्ट, लिहिली होती. त्याआधी ड्यूट्या मुकादमाच्या पेन्सिलीतून निघत. त्याच्या टपरीवरच्या दोस्तांना रविवारची सुट्टी, बाकीच्यांना पहाटेची गाडी. स्क्रिप्ट आली आणि पेन्सिल कानामागे गेली. ताईंनी सहा वर्षं ती तिथेच राहील असं पाहिलं होतं.

पण मास्तर निवृत्त झाले आणि पायथनची नवी आवृत्ती आली. ताईंनी स्वतःच्या स्क्रिप्ट नवीत लिहिल्या. जुनीचं लिहिलेलं नवीला पचेना, नवीचं जुनीला कळेना. एका घरात दोघींचा संसार लावायचा, म्हणून ताईंनी जुनीला थोरली म्हटलं, नवीला धाकटी. प्रत्येक स्क्रिप्टच्या अगदी पहिल्या ओळीत लिहिलेलं असे, ही कुणाकडे पाठवायची. कॉम्प्युटर ती ओळ वाचे आणि मुकाट्याने त्या दारात नेऊन सोडे.

शुक्रवारी नवा कॉम्प्युटर आला. शनिवारी सकाळी दहाला ताईंनी ड्यूटीचं बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: चार नंबर मार्ग, ड्रायव्हर साडेतीन. नऊ नंबर मार्ग, ड्रायव्हर साडेतीन. आणि नावं वाटायची वेळ येताच स्क्रिप्टने हातच वर केले.

दारात मुकादम उभाच होता. "अर्धा कोण, ताई? वरचा की खालचा?"

"खालचा. ब्रेकवर पाय लागतो ना."

तो हसला, पण घड्याळाकडे बघून. साहेबांनी बजावलं होतं: बारापर्यंत यादी फळ्यावर लागली नाही, तर या आठवड्यापासून पुन्हा मुकादम.

कॉम्प्युटर बसवून देणारा गृहस्थ अजून बाहेर वायरी गुंडाळत होता. ताईंनी त्याला आत ओढलं.

"दादा, माझ्या फायलींना हात लावलात?"

"साफसफाई केली, मॅडम! एक्केचाळीस फायलींत सगळ्यात वर तीच ती ओळ. नुसती टीप होती, कामाची नव्हती. काढून टाकली." त्याच्या चेहऱ्यावर घर झाडून दिल्याचं समाधान होतं.

"ओळ काढलीत? अहो, ती टीप नव्हती, पत्ता होता! आणि थोरली कुठेय?"

"कोण?"

"जुनी आवृत्ती!"

"ती कालबाह्य झाली. बसवलीच नाही."

ताई खुर्चीत टेकल्या. म्हणजे मास्तरांची स्क्रिप्ट पत्त्याविना धाकटीच्या दारात गेली होती. त्यांनी मास्तरांना फोन लावला.

"साडेतीन?" पलीकडे मास्तर खुशीत आले. "बरोबरच आहे! सात ड्रायव्हर, दोन मार्ग. भागिले दोन केले की थोरली तीन म्हणायची, उरलेल्या अर्ध्याकडे बघायचीच नाही. धाकटी शिकलेली, ती अर्धा पण हिशेबात धरते. भागाकाराला एक तिरकी रेघ आहे ना? दोन मारा. मग तीही पूर्णच देते."

"आणि उरला तो एक?"

"राखीव! कुणाला ताप आला तर तो धावतो. माझ्या वेळेसही असंच होतं."

भागाकार अकरा ठिकाणी होता. ताई बोटाने ओळ धरून, दुसरी रेघ मारत निघाल्या, जशा एकेकाळी उभ्या प्रवाशांतून तिकिटं तपासत निघायच्या. "दादा, मोजा मोठ्याने." तो गृहस्थ बिचारा मोजू लागला. आठवा भागाकार मिनिटांचे तास करणारा निघाला; तिथे पूर्णांक केला असता तर साडेआठ तासांची ड्यूटी आठचीच दिसली असती. ताईंनी तो तसाच सोडला. थोरलीने इतकी वर्षं तिथे अर्धा तास गिळला होता, आणि कुणी ओरडलं नव्हतं!

पावणेबाराला यादी निघाली. सगळे ड्रायव्हर अखंड.

फळ्यापुढे गर्दी झाली. मुकादमाने वरपासून खालपर्यंत वाचली, चूक मिळेना, तेव्हा तो बाजूला झाला. उंचापुरा ड्रायव्हर मागून ओरडला, "ताई! पहाटेची गाडी परत मला?"

"मागच्या महिन्यात कुणाला होती? बघ, नंबराने फिरतेय."

"अहो, पण मुकादम होते तेव्हा निदान भांडता यायचं! कॉम्प्युटरशी भांडून काय मिळतं?"

ताईंनी चष्मा काढला आणि शेजारचं स्टूल पायाने पुढे ढकललं.

"बस. भांड. मी आहे ना."